दोन चुली

लिलावघराच्या मागे, बर्फाच्या यंत्राला पाठ टेकून
अठ्ठ्याण्णव सालचा एक संगणक खोकतो.
त्याच्या पंख्यात बांगड्याचे खवले,
उपमा नाही, मी चिमट्यानं काढलेत.
काट्यावर क्रेट ठेवलं की वजन तोच सांगतो,
तोच चिठ्ठी छापतो: बोट, मासा, किलो.
बुरेला बंदरात एवढा विश्वास
कुणी पाद्र्यावरही ठेवत नाही.

प्रोग्रॅम एलादिओचा. तो आता कोबी लावतो.
फोनवर म्हणाला, "साबेला, त्याला हात लावू नकोस."
म्हटलं, हात नाही लावत. फक्त घर बदलतेय.

नव्या सर्व्हरवर लिनक्स. त्याच घरात
आता दुसरी चूल मांडायची,
तीही अशी, की हिच्या धुरानं
तिचे डोळे चुरचुरू नयेत.

तीन रात्री निवडत बसले.
व्हर्च्युअलबॉक्स स्वभावानं गोड, पण सगळं नटूनथटून,
आणि इथं सर्व्हरला साधा पडदासुद्धा नाही.
झेन आधी स्वतः पाटावर बसणार,
मग आपल्याच लिनक्सला म्हणणार, या, बसा.
एक विकतचं होतं. परवान्याचा आकडा ऐकून
खजिनदार ओब्दुलियानं चष्मा काढला, पुसला, घातला.
आकडा तोच.
आणि केव्हीएम? ते कर्नेलच्या पोटातच निघालं.
काखेत कळसा. मी गावभर.

प्रोसेसरला विचारलं, पाहुणे चालतील ना?
उत्तर आलं: शून्य.
बायोसमध्ये शिरले, तीन पानं खाली
कारखान्यातूनच लावून दिलेली एक कडी.
काढली. परत विचारलं.
सोळा.

पाहुण्याला कौतुकानं चार जीबी दिली.
चौसष्ट एमबीत जन्म गेलेला तो,
एवढं अंथरूण पाहून बिचकला, निळा पडला.
चौसष्टच दिले परत. मुकाट झोपला.

रात्री अकराला, घरून, चहा घेत,
नेटवर्कचा पूल बांधायला घेतला.
एक ओळ चुकली
आणि ज्या पुलावर उभी होते तोच मी उचलला.
कर्सर थांबला. चहा निवला.

कोटाखाली कीबोर्ड धरून बंदरापर्यंत चालत.
पाऊस आडवा. रखवालदार सेरवांदो म्हणाला,
"फिरवायला आणलंस का त्याला?"

ओळ सुधारली. पूल आला. पाहुणा उठला,
त्याची ती हिरवी अक्षरं, तोच जुना करकरीत आवाज.
काटा मात्र गप्प.
सिरियलची तार लावलेली, परवानगी द्यायची राहिलेली.
दिली.

तीन वाजले होते. बोटी चारला येतात.
तपासणीचं एक किलोचं वजन ठेवलं.
एक किलो वीस ग्रॅम.
पुसून ठेवलं. एक किलो वीस.
नव्यात काही बिघडलं म्हणून
जुन्या संगणकाला तार लावून पाहिलं.
तोही म्हणाला, एक किलो वीस.

एका क्रेटमागे वीस ग्रॅम, बोटीच्या बाजूनं,
इतकी वर्षं.
गुणाकार करायला घेतला आणि सोडून दिला.

पहाटे एलादिओ आला, हातात दोन कोबी, एक ओब्दुलियासाठी.
जुन्या संगणकाच्या गार पंख्यावर त्यानं बोट फिरवलं.
"सगळं आणलंस?"
"सगळं."
"म्हणजे..."
"जसंच्या तसं. खोडीसकट."

तो दाराकडे बघत राहिला.
बाहेर पहिल्या बोटीचे दिवे, दोर फेकल्याचा आवाज,
कुणीतरी कुणाच्या तरी आईचा उद्धार करत होतं.
मग एलादिओनं कोबी काट्यावर ठेवला
आणि आकड्याकडे पाठ केली.

पाहुण्याची एक प्रत मी काढून ठेवली आहे.
तिला हात लावायचा की नाही,
ते अजून ठरलेलं नाही.